गद्दार कोण? फेवर ओफिली, की तिचं नाव यादीत न टाकणारे साहेब?

आमच्या खेळवेड्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद झाला. विषय होता २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगोत अहमदाबादच्या नावावर शिक्कामोर्तब झालं. स्पर्धेत दुसरं शहर होतं अबुजा, म्हणजे नायजेरियाची राजधानी. एकाने लिहिलं, "बरं झालं त्यांना नाही मिळालं. त्यांचे निम्मे धावपटू पैसे घेऊन दुसऱ्याच देशाकडून पळतात." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. मग कुणीतरी फेवर ओफिलीचा फोटो टाकला आणि खाली एकच शब्द लिहिला : गद्दार.

मी तिथे काही बोललो नाही. ग्रुपवर तीन ओळींच्या पुढे कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी आपली बाजू मान्य करतो. भारतीयांना या विषयाचा राग येतो त्याला कारण आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ x ४०० मीटर मिश्र रिलेमध्ये आपली चौकडी धावली : मोहम्मद अनास, पूवम्मा, हिमा दास, आरोक्य राजीव. सोनं बहरीनने नेलं, आपल्याला चांदी. बहरीनच्या त्या संघात मूळच्या नायजेरियाच्या दोघी होत्या, केमी अडेकोया आणि सल्वा ईद नासेर. पुढे अडेकोया स्टॅनोझोलॉल घेतल्याबद्दल पकडली गेली, चार वर्षांची बंदी आली, आणि दोन वर्षांनी ते सुवर्ण आपल्या संघाला मिळालं. पोडियमवर उभं राहून राष्ट्रगीत ऐकायचा क्षण मात्र गेला तो गेलाच. तो कोणी कुरिअरने पाठवत नाही.

तेव्हा "आखाती देश धावपटू विकत घेतात" हा राग मलाही आहे. बाजार आहे हे खरंच आहे. २०१७ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने देश बदलण्याचे अर्ज सरसकट थांबवले होते ते याच बाजारामुळे. पुढच्या वर्षी नवे नियम आले. त्यानुसार देश बदलला की नव्या देशाकडून उतरण्यासाठी सर्वसाधारणपणे तीन वर्षं थांबावं लागतं.

पण बाजारात माल येतो कुठून, हा प्रश्न आपण विचारतच नाही. घेणारा दिसतो, त्याच्याकडे पैसा आहे म्हणून त्याला शिव्या घालणं सोपं. जाणारी मुलगी दिसते, तिला गद्दार म्हणणं त्याहून सोपं. ज्याने तिला घराबाहेर काढलं तो माणूस कुठल्याच फोटोत नसतो. आज त्याच्याबद्दल बोलू.

फेवर ओफिली कोण? जन्म डिसेंबर २००२ चा. सोळाव्या वर्षी २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत नायजेरियाकडून ४०० मीटर धावली. सोळाव्या वर्षी, हं. आपल्याकडे त्या वयाची पोरं दहावीच्या क्लासला असतात. मग अमेरिकेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत गेली, आणि एप्रिल २०२२ मध्ये २०० मीटर २१.९६ सेकंदांत धावली. २२ सेकंदांच्या आत येणारी पहिली नायजेरियन बाई. हे वाक्य हलकं घेऊ नका. या देशाने मेरी ओन्याली दिली, जिने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये २०० मीटरचं कांस्य घेतलं. ब्लेसिंग ओकाग्बारे दिली. त्या कुणालाही २२ च्या आत येता आलं नव्हतं.

आणि १७ मे २०२५ ला अटलांटात, रस्त्यावर टाकलेल्या सरळ ट्रॅकवर, ती १५० मीटर १५.८५ सेकंदांत धावली. या अंतराची आधीची जगातली सर्वोत्तम वेळ बहामाच्या शॉने मिलर-उइबोची होती, १६.२३. सोळाच्या आत कोणी बाई तोवर गेलीच नव्हती.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बातमी आली की ओफिलीने तुर्कस्तानकडून धावायचं ठरवलंय. बावीस वर्षांची मुलगी, धावण्याच्या ऐन बहरात, आणि आपल्या देशाला नमस्कार. अर्जाचं आणि परवानग्यांचं काय व्हायचं ते होवो, माणूस मनाने केव्हाच निघाला होता. का निघाला ते बघा.

पहिली गोष्ट टोकियोची.

ऑलिंपिक २०२० चं, झालं २०२१ मध्ये. ओफिली तेव्हा अठरा वर्षांची. पात्र ठरली, टोकियोला पोचली. २८ जुलैला, म्हणजे मैदानी स्पर्धा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ॲथलेटिक्स इंटिग्रिटी युनिटने यादी जाहीर केली : १८ खेळाडू अपात्र. त्यातले १० एकट्या नायजेरियाचे. ओफिली त्यात होती.

इथे लगेच "डोपिंग केलं असेल" असं वाटतं ना? थांबा. या दहा जणांपैकी कुणाची चाचणी सदोष आली म्हणून हे झालं नव्हतं. चाचणी *झालीच* नव्हती, किंवा पुरेशा वेळा झाली नव्हती. नियम असा : ज्या देशांत डोपिंगचा धोका सर्वात जास्त समजला जातो ते 'अ' गटात. नायजेरिया तेव्हा त्या गटात. 'अ' गटातल्या खेळाडूची मोठ्या स्पर्धेआधीच्या दहा महिन्यांत, स्पर्धेबाहेर, आगाऊ न कळवता, कमीत कमी तीन वेळा तपासणी व्हायला हवी. रक्त आणि लघवी दोन्ही. दोन तपासण्यांत निदान तीन आठवड्यांचं अंतर. आणि हे सगळं वेळेत घडतंय की नाही हे बघायची जबाबदारी त्या देशाच्या फेडरेशनची.

आता सांगा, यात खेळाडूच्या हातात काय आहे? आगाऊ न कळवता होणारी चाचणी ती स्वतः कशी घडवून आणणार? दारावरची बेल स्वतःच वाजवून "आले का हो चाचणीवाले?" असं विचारणार? या दहांतले बरेच जण अमेरिकेतल्या कॉलेजांत शिकणारे होते. आपली मुलं कुठे आहेत, तिथे तपासणी कोण करणार, कधी करणार, हे ठरवणं लागोसच्या नि अबुजाच्या कार्यालयांतल्या लोकांचं काम. कॅलेंडर, फोन आणि ईमेल, एवढ्या तीन गोष्टी लागतात त्याला. स्टेडियम लागत नाही, परदेशी प्रशिक्षक लागत नाही.

त्या काळात ते साहेब काय करत होते? फेडरेशनमध्ये खुर्चीसाठी दोन गटांची मारामारी चालू होती. त्या भांडणात कपड्यांचा करारही सापडला. प्यूमा कंपनीने करार मोडला, आणि टोकियोत गोळाफेकपटू चुकवुएबुका एनेक्वेची अंतिम फेरीत पोचल्यावर आपली एकुलती एक जर्सी खोलीत हाताने धूत असलेला व्हिडिओ जगाने पाहिला. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतला माणूस, दुसरी जर्सी नाही म्हणून धुणं धुतोय.

अपात्र ठरलेल्या खेळाडूंनी टोकियोत फलक घेऊन निदर्शनं केली. दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाची शिक्षा आम्हाला का, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

दुसरी गोष्ट बर्मिंगहॅमची. २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा. ओफिलीने २०० मीटरमध्ये रौप्य घेतलं, पुढे होती थेट जमैकाची एलेन थॉम्पसन-हेरा. ४ x १०० रिलेत टोबी अमुसान, ओफिली, रोझमेरी चुकवुमा आणि ग्रेस न्वोकोचा या चौघींनी सुवर्ण जिंकलं. देशभर जल्लोष. मग न्वोकोचा उत्तेजकांच्या चाचणीत सापडली आणि सुवर्ण गेलं इंग्लंडला. ओफिलीचा यात काही दोष नाही, पण रिलेचा नियमच तसा आहे, एकीचं पाप चौघींच्या माथी. हा दोष मी फेडरेशनवर टाकत नाही. पण ज्या देशात चाचणीचं वेळापत्रक सांभाळलं जात नाही, तिथे प्रामाणिक खेळाडूलाही शेजारच्या लेनमधल्या मैत्रिणीचा भरवसा देता येत नाही. चाचण्या वेळेवर झाल्या तर स्वच्छ खेळाडूचंही रक्षण होतं, हे आपण नेहमी विसरतो.

तिसरी गोष्ट पॅरिस. इथे मात्र कपाळाला हात लावावा अशी परिस्थिती.

२०२४. ओफिली १०० आणि २०० दोन्हींत पात्र. स्पर्धेच्या तोंडावर, ३० जुलैच्या सुमारास, तिनेच समाजमाध्यमावर लिहिलं की १०० मीटर धावता येणार नाही असं तिला नुकतंच कळवण्यात आलंय. ती पात्र होती, पण फेडरेशनने आणि देशाच्या ऑलिंपिक समितीने तिची नोंदणीच केली नव्हती. चार वर्षं या संधीसाठी घाम गाळला तो कशासाठी, असा तिचा सवाल होता.

नोंदणी म्हणजे काय हो? एक यादी. खेळाडूचं नाव, शर्यतीचं नाव, मुदतीच्या आत पाठवायचं. नावं ठरवून देणार फेडरेशन, अधिकृत प्रवेशिका भरणार ऑलिंपिक समिती. दोन टेबलं. त्या दोन टेबलांच्या मधल्या फटीत देशातल्या सर्वात वेगवान मुलीचं नाव पडलं. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या यादीतून घरकुलाचं नाव गळतं तसं. फरक इतकाच की घरकुलाला पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. ऑलिंपिकला चार वर्षं.

मग काय केलं तिने? रडत बसली? २०० मीटर धावली. थेट अंतिम फेरीत. मेरी ओन्यालीनंतर ऑलिंपिकच्या या अंतिम फेरीत पोचलेली पहिली नायजेरियन. सहावी आली, २२.२४ सेकंद. कांस्यपदकाची वेळ होती २२.२०. चार शतांश सेकंद, मंडळी. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. १०० मीटर धावायला मिळाली असती तर काय झालं असतं हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण शर्यतीच्या आठवड्यात जिच्या डोक्यात आपण प्रशासनाचा असा गोंधळ भरला, तिला चार शतांश कमी पडले, एवढं तरी लक्षात ठेवा.

त्याच पॅरिसमध्ये त्याच देशाची सायकलपटू एसे उकपेसेराये हिला आयत्या वेळी ट्रॅक सायकलिंगच्या शर्यतींत जागा मिळाली. तिच्याकडे ट्रॅकची सायकल नव्हती. जर्मनीच्या संघाने आपली सायकल उसनी दिली. तिने जाहीर आभार मानले. म्हणजे अनोळखी जर्मनांना जे सुचलं ते घरच्यांना सुचलं नाही.

या सगळ्यासाठी पैसा नव्हता का? ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून १२ अब्ज नायरा मंजूर झाल्याचं जाहीर झालं होतं. ८८ खेळाडू ऑलिंपिकला गेले. पदकं किती? शून्य. २० कोटींहून जास्त लोकसंख्येचा देश, रिकाम्या हाताने परत. आणि २०२५ मध्ये महिला फुटबॉल संघाने आफ्रिकेचं विजेतेपद पटकावलं तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी प्रत्येक खेळाडूला एक लाख डॉलरच्या मोलाचं बक्षीस आणि घर जाहीर केलं. त्या मुलींनी ते कमावलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण यावरून कळतं की तिजोरी रिकामी नाही. जिंकून आल्यावर हार घालायला पैसा आहे, जिंकण्याआधी एक यादी तपासायला माणूस नाही.

पॅरिसच्या प्रकरणानंतर क्रीडामंत्र्यांनी चौकशी जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते क्रीडा मंत्रालयच बरखास्त झालं आणि कारभार राष्ट्रीय क्रीडा आयोगाकडे गेला. पाटी बदलली. आपल्याला हे नवीन आहे का? चूक झाली की समिती, समितीचा अहवाल, मग खात्याचं नाव बदला. ज्या मुलीचं नाव राहिलं तिचं काय? तिला कुणी ते ऑलिंपिक परत दिलं का?

आता तुमचे आक्षेप घेतो. कमेंटमध्ये येणारच आहेत, आधीच उत्तर देतो.

"पैशासाठी गेली."

असेल. बावीस वर्षांची धावपटू पैशाचा विचार करते यात गुन्हा काय? धावपटूचं करिअर दहा-बारा वर्षांचं, त्यात एक हॅमस्ट्रिंग फाटली की संपलं. तुमचा-आमचा पोरगा चांगल्या पगारासाठी कॅलिफोर्नियात गेला की आपण पेढे वाटतो, तिथला पासपोर्ट मिळाला की स्टेटस ठेवतो. त्याला गद्दार म्हणत नाही. आणि फक्त पैशाचाच प्रश्न असता तर ती २०२१ मध्येच गेली असती. टोकियोनंतर ती परत आली. बर्मिंगहॅमला हिरवी-पांढरी जर्सी घालून धावली. पॅरिसला धावली. एकदा फसवल्यावर दुसऱ्यांदा विश्वास ठेवला. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा ठेवला नाही, तर ती गद्दार?

"टोबी अमुसान तर राहिली ना!"

राहिली, आणि तिला सलाम. २०२२ साली युजीनमध्ये १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत १२.१२ सेकंदांचा विश्वविक्रम करून ती जगज्जेती झाली. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेतही रौप्य घेतलं. पण एक जण वादळात तग धरून उभा राहिला म्हणजे छप्पर चांगलं होतं असं सिद्ध होत नाही. अमुसान टिकली ती स्वतःच्या बळावर. तिच्या यशाची ढाल करून साहेबांनी लपायचं काम करू नये.

"नायजेरियाचे खेळाडूच डोपिंग करतात, म्हणून नियम कडक."

या आक्षेपात दम आहे, तो मी टाळणार नाही. टोकियोत दहा जण अपात्र ठरले त्यानंतर तीनच दिवसांनी, १०० मीटरच्या उपांत्य फेरीच्या दिवशी, ब्लेसिंग ओकाग्बारे निलंबित झाली. ग्रोथ हार्मोन. पुढे इतर गोष्टीही निघाल्या आणि एकूण ११ वर्षांची बंदी लागली. ही तीच ओकाग्बारे जिने २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये १०० आणि २०० दोन्ही सुवर्णं नेली होती. वाईट वाटतं, पण तिला सहानुभूती नाही. तिने चोरी केली, शिक्षा भोगली. आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. ओकाग्बारेने नियम मोडला, तिला ११ वर्षं. अधिकाऱ्यांनी नियम पाळला नाही, शिक्षा दहा *खेळाडूंना*. चोराला शिक्षा झाली हे ठीक. पण चौकीदार झोपला म्हणून शिक्षा घरमालकाला, हा कुठला न्याय?

"देश म्हणजे आई. आई कशीही असली तरी सोडत नाहीत."

हे वाक्य टाळ्या घेतं. पण फेडरेशन म्हणजे देश नव्हे. फेडरेशन म्हणजे निवडणूक लढवून, गट करून खुर्चीत बसलेली काही माणसं. त्यांनी झेंडा अंगाभोवती गुंडाळला म्हणून ते आई होत नाहीत. आणि उलटं विचारतो : आईचं लेकराकडे काही देणं लागतं की नाही? निष्ठा एकाच बाजूने चालते का?

बरं, हा फक्त ओफिलीचा एकटीचा किस्सा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जुना पाढा आहे हा.

फ्रान्सिस ओबिक्वेलू आठवतो? १९९४ मध्ये किशोरवयीन पोरगा ज्युनिअर जागतिक स्पर्धेसाठी लिस्बनला आला आणि तिथेच राहिला. पोटासाठी पोर्तुगालच्या दक्षिणेला बांधकामावर मजुरी केली. धावला मात्र नायजेरियासाठी. १९९७ ला अथेन्समध्ये रिलेचं जागतिक रौप्य, १९९९ ला सेव्हिलमध्ये २०० मीटरचं कांस्य, आणि त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत १९.८४ सेकंद. मग २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दुखापत. त्याचं म्हणणं असं की देशाच्या फेडरेशनने मदत केली नाही, कॅनडात जाऊन शस्त्रक्रिया त्याने स्वतःच्या खिशातून करून घेतली. २००१ मध्ये तो पोर्तुगीज नागरिक झाला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, ९.८६ सेकंद, रौप्य. सुवर्ण फक्त एका शतांशाने हुकलं. तो युरोपचा विक्रम २०२१ पर्यंत कुणी मोडू शकलं नाही. युरोपचा विक्रम, बांधकामावर विटा वाहिलेल्या नायजेरियन पोराच्या नावावर. एका ऑपरेशनचा खर्च वाचवला आणि ऑलिंपिकचं पदक घालवलं, असा हा हिशेब.

ग्लोरिया अलोझी. सिडनीत तिचा होणारा नवरा, तोही नायजेरियाचाच धावपटू, स्पर्धेच्या तोंडावर गाडीखाली सापडून गेला. त्या दुःखात ती अडथळ्यांची शर्यत धावली आणि देशाला रौप्य दिलं. पुढच्याच वर्षी ती स्पेनची झाली. अशा बाईला देशप्रेम शिकवायला कोण जाणार? तुम्ही जाल?

आणि सगळ्यात बोलका दाखला ॲनेट एचिकुनवोकेचा. हातोडाफेक करणारी. जन्म अमेरिकेत, आईवडील नायजेरियन, खेळायचं ठरवलं आईवडिलांच्या देशाकडून. म्हणजे जगातली सगळ्यात श्रीमंत यंत्रणा हाताशी असताना ती *उलट* दिशेने आली होती. टोकियोच्या त्या दहा अपात्रांत तीही होती. त्यानंतर ती अमेरिकेकडून खेळायला लागली. पॅरिस २०२४ मध्ये रौप्य. या खेळात अमेरिकन महिलेचं पहिलंच ऑलिंपिक पदक. त्याच पॅरिसमध्ये नायजेरियाच्या खात्यावर शून्य. ते एक पदक घरचंच होतं. कॅलेंडर बघायला माणूस नव्हता म्हणून शेजाऱ्याकडे गेलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. देश बदलणाऱ्या खेळाडूसाठी तीन वर्षांची वाट पाहण्याची अट आहे. बाजार रोखायला ती असावी, हरकत नाही. पण जिथे खेळाडूची संधी फेडरेशनच्या किंवा ऑलिंपिक समितीच्या चुकीमुळे गेली हे कागदोपत्री दिसतंय, तिथे ती अट शून्य करा. जायचं असेल तर दुसऱ्या दिवसापासून जाऊ द्या. आणि शिक्षा उलट्या बाजूला लावा : ज्या फेडरेशनने खेळाडूची चाचणी घडवली नाही, नाव पाठवलं नाही, तिच्या *अधिकाऱ्यांची* पुढच्या मोठ्या स्पर्धेची मान्यतापत्रं रद्द करा. विमानाचं तिकीट, हॉटेल, ब्लेझर, सगळं बंद. खेळाडू जातील, साहेब घरी टीव्हीवर बघतील. एका ऑलिंपिकपुरतं करून बघा. यादीतली नावं कशी आठ-आठ वेळा तपासली जातात ते दिसेल.

आता परत आमच्या ग्रुपकडे. "त्यांचे धावपटू पळून जातात" म्हणून हसणाऱ्या माझ्या मित्रांनो, २०१७ आठवतंय का? भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत केरळच्या पी. यू. चित्राने १५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. आशियाई विजेती म्हणून लंडनच्या जागतिक स्पर्धेचं दार तिच्यासाठी उघडं होतं. आपल्या फेडरेशनने तिला संघात घेतलं नाही. ती केरळ उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने तिला घ्या म्हणून आदेश दिला, आणि तोवर नोंदणीची मुदत उलटून गेल्यामुळे जागतिक संघटनेने नकार दिला. नाव, यादी, मुदत. ओळखीचं वाटतंय ना? ओफिलीचं नाव राहून गेलं, चित्राचं ठरवून वगळलं. दोघींनी शर्यत टीव्हीवर पाहिली.

डोपिंगवरून हसायचं असेल तर तेही जपून. वाडाच्या २०२३ च्या आकड्यांत, पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये सदोष नमुन्यांचं प्रमाण सर्वात जास्त आपलं होतं, ३.८ टक्के. आणि खाशाबा जाधवांची गोष्ट आपण दरवर्षी अभिमानाने फॉरवर्ड करतो, की १९५२ च्या हेलसिंकीला जाता यावं म्हणून प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. त्या गोष्टीत खाशाबांचा मोठेपणा आहे, खर्डीकर सरांचा आहे. सरकारचा कुठे आहे ते मला दाखवा.

फरक एवढाच की आपल्या चित्राकडे तुर्कस्तानचा फोन आला नाही. आला असता आणि ती गेली असती, तर आपणही तिला गद्दारच म्हणालो असतो. तिला वगळणाऱ्या निवड समितीतल्या एकाचं तरी नाव सांगता येईल तुम्हाला? मलाही नाही सांगता येणार. खरी अडचण तिथेच आहे.

२०३० ला अहमदाबादला झगमगाट होईल, स्टेडियम चकाचक असेल, उद्घाटनाला ड्रोन उडतील. अबुजाही पुन्हा प्रयत्न करेल, करावा, आफ्रिकेत ही स्पर्धा व्हायलाच हवी. पण यजमानपद मागणाऱ्या दोन्ही देशांना माझा एकच साधा प्रश्न आहे. पात्र ठरलेल्या एखाद्या मुलीचं नाव यादीत नसेल, तर दुसऱ्या दिवशी नोकरी कोणाची जाणार? त्या माणसाचं नाव आणि हुद्दा आधी जाहीर करा. स्टेडियमचं नंतर बघू.

आणि ग्रुपवरच्या त्या मित्राला : तो फोटो काढू नकोस, राहू दे. खालचा शब्द तेवढा बदल.